सगळ्यांना ठावं हाय

चार माणसं एका घोंगडीवर बसली आणि मनातलं बोलली, की जगातला कुठलाही गुंता सुटतो, अशी हिंगणबोरी गावाची पूर्वापार श्रद्धा होती. अडचण एवढीच होती, की चावडीत घोंगडी एकच होती आणि ती कोणाची यावरून गावात कैक वर्षं कोणी कोणाशेजारी बसलेलं नव्हतं.

घोंगडी धनगरांनी विणली, यावर दोन्ही बाजूंचं एकमत होतं. नाल्यापलीकडच्या वाडीवरचे धनगर म्हणत, आमच्या आज्यानं ती चावडीला वापरायला दिलेली. अलीकडच्या गावातले कुणबी म्हणत, दिली म्हणजे दिली. वापरायला दिलेली वस्तू इतकी मळेपर्यंत कोणी मागायचं थांबतं का? हा वाद बैठकीत सोडवावा, तर बैठकीला घोंगडी लागे. तेव्हा ती गुंडाळून चावडीच्या आढ्याला टांगली होती आणि तिच्यात चिमण्यांनी घर केलं होतं. चिमण्यांबद्दल दोन्हीकडून कोणाची तक्रार नव्हती.

अशा या गावात, निजाम सरकारच्या अमलात, एका चैत्रात नवे तहसीलदारसाहेब दौऱ्यावर आले. साहेब तरुण होते, थेट हैदराबादेहून आले होते, आणि माणसांनी एकमेकांशी बोलावं असं त्यांचं मत होतं. चावडीपुढं खुर्ची टाकून ते बसले. गाव उभं राहिलं. कुणबी एका बाजूला, धनगर दुसऱ्या बाजूला, मधे एक बैलगाडी सहज जाईल एवढी वाट.

"देखो पाटील," साहेब अर्जुनराव पाटलांना म्हणाले, "इस तालुके की बीमारी क्या है? लोग मिलके बैठते नहीं. मशवरा करते नहीं. तुम सबको बिठाओ, बात करो, और सबके इत्तेफाक से कोई एक काम करके दिखाओ. मैं महिनेभर में आके देखता."

"जी हुजूर," अर्जुनराव म्हणाले. कसलं काम, हे विचारावं असं त्यांच्या ओठांवर आलं होतं. पण साहेबाला उलट प्रश्न विचारायचा म्हणजे साहेबाचं बोलणं कळलं नाही असं गावासमोर कबूल करायचं. पाटलाला ते शोभलं नसतं.

"और नहीं हुआ," साहेब उठता उठता म्हणाले, "तो पाटीलकी तुम्हारे भाई को देंगे."

सगळ्या गावानं भगवानरावांकडं पाहिलं. भगवानराव हे अर्जुनरावांचे चुलतभाऊ. त्यांनी मान खाली घातली आणि पटक्याचा शेव सारखा केला. तो आधीच सारखा होता.

पाटीलकी गेली असती तर अर्जुनराव उपाशी मेले असते असं नाही. जमीन होती, विहिरीला पाणी होतं. पण पोळ्याला वेशीतून पहिली जोडी पाटलाची निघे, आणि ती निघेपर्यंत मागं सगळ्या गावाचे बैल शिंगं हलवत उभे राहत. अर्जुनरावांना जगात कशाचा म्हणून अभिमान असेल तर त्या घटकेचा. आपल्या बैलांपुढं भगवानरावांच्या बैलांची शेपटं बघत उभं राहायचं, या कल्पनेनं त्यांचं जेवणावरचं लक्ष उडालं.

"जेवा की," त्यांच्या पत्नी सुंदरबाई म्हणाल्या. "पोळ्याला अजून लई दिस हायत. आदी काम कोन्तं करायचं ते ठरवा."

काम तर डोळ्यांसमोर होतं. गावातून चौसाळ्याला जाणारी गाडीवाट नाल्यातून जाई, आणि नाल्याचे दोन्ही उतार असे होते की गाडी खाली जाताना बैलांना मागं बघावं लागे. चारच दिवसांपूर्वी आश्रुबाची कडब्याची गाडी तिथं उलटली होती. आश्रुबा हा कुणब्यांतला बोलका माणूस. कडब्याखालून बाहेर येऊन त्यानं पहिली शिवी पाटलाला आणि दुसरी बैलाला घातली होती. तेव्हा दोन्ही उतार कापून सोपे करायचे, नाल्याच्या तळाला दगड अंथरायचे, की गाड्या सरळ जातील. माती कापायला कुणबी होते. दगड धनगरवाडीच्या टेकडीवर होते. म्हणजे दोघं लागत होते. म्हणजे बोलणं लागत होतं.

बसायचं कुठं? चावडीत घोंगडी. मारुतीच्या पारावर धनगर येईनात. बिरोबाच्या माळावर कुणबी जाईनात. राहता राहिलं पाटलाचं घर. आणि पाटलाच्या घरी बोलावलं म्हणजे जेवायला घालणं आलं.

"पुरणाचं घालू," अर्जुनराव म्हणाले. "येकदा मीठ खाल्लं की न्हाई म्हणायची सोय न्हाई."

"अवो, पण मग इषय कोण काढनार?" सुंदरबाईंनी विचारलं. 

खाल्ल्या घरी नाही म्हणू नये, हे सगळ्या मुलखात पाळतात. हिंगणबोरीनं त्यात स्वतःची थोडी भर घातली होती. ज्यानं जेवू घातलं त्यानं आपलं काम आपल्या तोंडानं सांगायचं नाही. ते जेवणाचा मोबदला मागितल्यासारखं होतं. आणि जो जेवला त्यानं 'कावून बोलावलं' असं विचारायचं नाही; ते जेवणावर संशय घेतल्यासारखं होतं. विषय काढायचा तो यजमानाच्या भाऊबंदानं. ही रीत कोणी पाडली ते कोणाला आठवत नव्हतं, पण ज्यानं पाडली त्याला भाऊबंद चांगले मिळाले असावेत.

अर्जुनरावांना भाऊबंद एकच होता.

दुसऱ्या दिवशी ते भगवानरावांच्या ओट्यावर जाऊन बसले. भगवानराव आडकित्त्यानं सुपारी कातरत होते.

"भगवान, तुला इषय काढावा लागंल."

"काढतो की, दादा."

"नाल्याचा. उतार कापायचे, दगूड टाकायचे. गाड्यांसाटी."

"मला कळत न्हाई का? तुमचं काम ते माझं काम." भगवानरावांनी सुपारीचं खांड पुढं केलं. हे इतक्या गोड आवाजात झालं, की अर्जुनरावांना घरी जाईपर्यंत घाम येत राहिला.

"काय म्हनले?" सुंदरबाईंनी विचारलं.

"हो म्हणला."

"मग घात झाला," त्या म्हणाल्या आणि डाळ निवडायला बसल्या.

बैठकीच्या दिवशी चावडीचा राखणदार सटवा सकाळपासून दोन्हीकडं हाळी देऊन आला. दुपारी माणसं आली. धनगरांकडून धुळाजी आला. वाडीचा कारभारी, अंगानं आडवा, खांद्यावर स्वतःची घोंगडी. ती त्यानं पाटलाच्या ओसरीत अंथरली नाही. मांडीवर घेऊन बसला. आश्रुबा समोरच्या भिंतीला टेकला. या दोघांचं बोलणं घोंगडीपायी बंद होतं, तेव्हा त्यांनी एकमेकांबद्दल तिसऱ्याशी बोलायला सुरुवात केली.

"सटवा," आश्रुबा म्हणाला, "काही मान्सं आपली घोंगडी संगं घेऊन हिंडत्यात. चोरीला जाती म्हणून आसंल."

"सटवा," धुळाजी म्हणाला, "या गावात जाती, म्हणून."

सटवानं दोघांनाही मान हलवली. मग पुरणपोळी आली, गुळवणी आली, आणि बराच वेळ ओसरीत फक्त जेवणाचा आवाज होता. त्या अर्ध्या घटकेत हिंगणबोरी गाव जितकं एकदिलानं वागलं तितकं पूर्वी कधी वागलं नव्हतं. साहेब त्याच वेळी आले असते तर गोष्ट इथंच संपली असती.

हात धुऊन, पानं खाऊन माणसं पुन्हा बसली. आपल्याला कशासाठी बोलावलं असेल याचा प्रत्येक जण मनात अंदाज बांधत होता, आणि शेजाऱ्याला तो नक्की माहीत आहे असं धरून चालला होता.

भगवानराव खाकरले.

"मंडळी," ते म्हणाले, "आता म्या काय बोलावं? आपल्या नाल्याचं जे काय हाय, ते हाय. आज हाय का? आपल्या बापजाद्यांपासून हाय. त्ये काय हाय, हे तुमाला ठावं हाय."

अर्जुनराव वाट बघत राहिले. भगवानरावांनी पान दुसऱ्या गालात घेतलं.

"का कुणाला ठावं न्हाई?" त्यांनी आवाज चढवला. "ठावं नसलेला मानूस या बैठकीत आसंल तर त्यानं बिनदिक्कत हात वर करावा. समद्यांनी त्याला बघून घ्यावं."

एकही हात वर झाला नाही. ज्यांचे हात सहज डोक्याकडं गेले होते त्यांनी ते घाईनं खाली घेतले.

"ठावं न्हाई म्हंजे काय?" धुळाजी म्हणाला. "आमी काय भायेरगावचे हाव का?"

"मला तर तुमच्या आदीपासून ठावं हाय," आश्रुबा म्हणाला. घोंगडीनंतर त्यानं धुळाजीला थेट उद्देशून म्हटलेलं हे पहिलं वाक्य.

"तुला कडब्याखाली गेल्यावर ठावं झालं बे," धुळाजीनं उत्तर दिलं. सगळे हसले. आश्रुबाही हसला. बैठकीला रंग चढू लागला, आणि अर्जुनरावांनी भगवानरावांना डोळ्यांनी खुणावलं. पण एवढं बोलून भगवानराव मागं टेकले होते. त्यांचं काम झालं होतं.

आपल्या तोंडानं काम सांगायचं नाही. पण बोलता बोलता एखादी आठवण काढायला कोणाची हरकत? अर्जुनराव म्हणाले, "त्या दिशी आश्रुबाची गाडी उलटली नाल्यात..."

"ते जाऊ द्या, पाटील," आश्रुबा संकोचून म्हणाला. "बैल वाचले, बास झालं."

"कडबा भिजला का?" धुळाजीनं विचारलं.

"नाल्यात पानी कुठं हाय भिजायला?"

"तेच तर म्हंतो मी!" धुळाजी मांडीवर थाप मारून म्हणाला.

"आन् मी तरी दुसरं काय म्हंतोय?" आश्रुबानं विचारलं.

दोघांनी एकमेकांकडं पाहिलं. दोघांच्याही चेहऱ्यावर मोठा उजेड पडला. आश्रुबाला कळलं, की नाल्याला बांध घालून पाणी अडवायचं, म्हणजे विहिरींना उन्हाळ्यात पाझर राहील. पाटलानं त्यासाठीच बोलावलं. धुळाजीला कळलं, की नाल्यात डोह खणायचा, म्हणजे लोकर कातरायच्या आधी मेंढ्या धुवायला वाडीला लांब जावं लागणार नाही. पाटलानं त्यासाठीच बोलावलं. आपल्या मनातलं पाटलानं ओळखलं याचं दोघांनाही भरून आलं.

आतून सुंदरबाईंनी पातेलं आपटलं. त्यांना 'गाड्या, गाड्या' असं म्हणायचं होतं. पण पातेल्यातून इतकं बारीक सांगता येत नाही.

"वहिनी पानी इच्यारत्यात," भगवानराव म्हणाले. "तर मंडळी, मग करायचं का?"

"करायचं!" ओसरी दणाणली.

"उद्या सकाळी?"

"उद्याच सकाळी! नाल्यावर!"

"काय काय आनायचं संगं?" मागून कोणीतरी विचारलं. अर्जुनराव सावरून बसले. आता सांगावंच लागेल.

"ज्याला जे लागंल ते," भगवानराव म्हणाले.

माणसं गेल्यावर अर्जुनराव ओसरीत एकटेच बसून राहिले. बैठक झाली होती. दोन्हीकडचे बोलले होते, हसले होते, एकमुखानं हो म्हणाले होते. साहेबांनी सांगितलेलं सगळं शब्दशः घडलं होतं. आणि तरी काहीतरी राहिलं होतं, ते काय हे त्यांना बोटानं दाखवता येईना.

"तू त्यांच्या बायांना सांगून बघ की," ते सुंदरबाईंना म्हणाले.

"रांधलं कुनी? मीबी घरचीच न्हाई का?" सुंदरबाई भांडी आवरत म्हणाल्या. "निदान नाला तरी ठरला. येखाद्या वक्ती रानात गेले असते समदे."

सकाळी अर्जुनराव नाल्यावर पोचले तेव्हा त्यांचा आपल्या डोळ्यांवर विश्वास बसेना. सगळं गाव आलं होतं. अलीकडच्या काठावर आश्रुबा आणि कुणबी कुदळी, फावडी घेऊन. पलीकडच्या काठावर धुळाजी आणि धनगर पहारी घेऊन, मागं मेंढरं. टेकडीवरून दगड आधीच खाली लोटून ठेवले होते. "लई झ्याक," अर्जुनराव पुटपुटले. तेवढ्यात आश्रुबानं गाडीवाटेच्या बरोबर मधोमध, नाला आडवा, बांधाची माती टाकायला सुरुवात केली.

आणि बांधाच्या वरच्या अंगाला, जिथं गाड्यांचे बैल चढायला पाय रोवत, तिथं धुळाजीनं पहार घातली. बघता बघता खड्डा कमरेएवढा झाला.

अर्जुनराव या काठावरून त्या काठावर गेले. थांबा म्हणायची सोय नव्हती. कालचं पुरण सगळ्यांच्या अंगात होतं. आज हे नको, ते करा म्हणणं म्हणजे घातलेलं जेवण उगाळणं. ते आश्रुबापाशी उभे राहिले.

"बरं चाललंय का, आश्रुबा?"

"तुमी कायबी काळजी करू नका, पाटील. तुमच्या मनातलं आमी वळखलंय."

ते धुळाजीपाशी गेले.

"पाटील," धुळाजी खड्ड्यातून वर बघत म्हणाला, "तुमच्यासारका मानूस न्हाई बघा. आमच्या मेंढरांचा इच्यार आजपातूर कुनी केलता?"

अर्जुनरावांनी मेंढरांचा विचार आयुष्यात पहिल्यांदा त्या क्षणी केला. मग त्यांना एक गोष्ट सुचली. सांगायला बंदी होती; करायला नव्हती. त्यांनी धोतर खोचलं, एकाच्या हातातली कुदळ घेतली आणि अलीकडचा उतार स्वतः कापायला लागले.

नाल्यात कालवा झाला. पाटलाच्या हातात कुदळ! अशानं गावाची अब्रू राहते होय? दोन्हीकडची माणसं बांध आणि डोह सोडून धावली, कुदळ पाटलाच्या हातातून अदबीनं काढून घेतली, त्यांना लिंबाखाली बसवलं, आणि पाटलानं जिथं कुदळ मारली होती तिथं का ते न विचारता उतार कापून काढला. मग पलीकडचाही कापला, कारण एकच कापलेला बरा दिसेना. मग कुणबी डोह खणायला गेले, कारण धनगर उतार कापायला आले होते आणि उपकार ठेवून घेणं बरं नव्हतं. धनगरांनी बांधाला दगड लावले. उरलेले दगड कोणाला कुठं टाकावेत ते कळेना, तेव्हा ते बांधाच्या माथ्यावर नीट अंथरले.

माती वाहायला टोपल्या पुरेनात. सटवा धावत चावडीत गेला आणि ती घोंगडी घेऊन आला. चिमण्यांचं घरटं त्यानं अलगद काढून आढ्यावर ठेवलं होतं. घोंगडीची एक बाजू आश्रुबानं धरली, दुसरी धुळाजीनं, मधे माती. दिवसभर ते दोघं ती तशी वाहत होते आणि भांडत होते.

"आरं वढ की बे, जेवला न्हाईस का?"

"तुज्यासारकं मेंढरामागं झोपून काम करत न्हाई आमी."

"झोपून? तू तर गाडीखाली झोपतूस!"

दिवस कलायच्या सुमाराला घोंगडी मधोमध फाटली. दोघं हातात एकेक तुकडा घेऊन समोरासमोर उभे राहिले. नाल्यातल्या कुदळी थांबल्या.

"तुमचीच हुती ती," आश्रुबा म्हणाला.

"न्हाई न्हाई, तुमची," धुळाजी म्हणाला. "आमी दिलती की तुमाला."

मग दोघं एका चिलमीवर बसले. इतक्या वर्षांचा वाद मिटला आणि लिंबाखालून अर्जुनरावांनी तो मिटताना बघितला. साहेबांनी सांगितलेला इत्तेफाक, म्हणजे एकमत, तो हाच, यात शंका नव्हती. माणसं एकमेकांच्या पाठीवर थापा मारत घरी गेली. गेल्या कैक वर्षांत गावाला इतका आनंद झाला नव्हता. आणि नाल्यात जे उभं होतं त्याकडं बघत अर्जुनराव विचार करत होते, की आपण यांना बोलावलं कशाला होतं.

बांध होता, पण दोन्ही काठ कापल्यामुळं पाणी आलंच तर ते बांधाला बगल देऊन दोन्हीकडून सुखानं निघून गेलं असतं. डोह होता, पण पाणी थांबणार नसल्यानं तो नुसता खड्डा होता. उतार चांगले सोपे झाले होते. पण ते उतरून गाडी खाली आली की पुढं बांध आणि त्यापुढं खड्डा. बांधाच्या माथ्यावर मात्र दगडांची फरशी इतकी सुरेख बसली होती की बघत राहावं. तिच्यावर जायला कुठून वाट नव्हती.

"मी काय म्हनालो होतो?" त्यांनी घरी येऊन विचारलं. "उतार म्हनालो होतो, का डोह?"

"तुमी कायच म्हनाला नव्हता," सुंदरबाई म्हणाल्या.

त्या रोज एकदा नाल्यावर जाऊन बघून येत आणि काही न बोलता चुलीपुढं बसत. भगवानराव रोज दोनदा जात. त्यांना बैठक मोडायची होती, आणि ती काही केल्या मोडली नव्हती. साहेबांना हे काम वाटेल, का नासधूस? भगवानरावांच्या चेहऱ्यावरचा गोडवा कमी झाला होता. एकदा दोघं भाऊ एकाच वेळी नाल्यावर आले.

"दादा, हे नेमकं काय झालंय?" भगवानरावांनी हळू विचारलं.

"इषय तू काढलास," अर्जुनराव म्हणाले. "तुला ठावं."

महिनाभरात साहेबांची दमणी चौसाळ्याच्या बाजूनं आली आणि नाल्याच्या पलीकडच्या काठावर थांबली. पुढं यायला वाट नव्हती. साहेब उतरले. त्यांच्यामागं पेशकार उतरला. तहसिलीतला जुना माणूस, तीन तहसीलदार पाहिलेला, बीडचा. अलीकडच्या काठावर सगळं गाव जमलं होतं; कुणबी आणि धनगर मिसळून, कोण कोणता ते ओळखू येऊ नये असे.

साहेबांनी आधी माणसांकडं पाहिलं. त्यांना बरं वाटलेलं दिसलं. मग त्यांनी नाल्यात पाहिलं. बराच वेळ पाहिलं. एकदा डावीकडं जाऊन, एकदा उजवीकडं जाऊन पाहिलं.

"सबने मिलके किया?" त्यांनी ओरडून विचारलं.

"समद्यांनी, हुजूर!" गाव ओरडलं.

"ये है क्या?"

नाल्यात वाऱ्यानं धूळ उडाली. आश्रुबानं धुळाजीकडं पाहिलं, धुळाजीनं आश्रुबाकडं. महिनाभर दोघांच्याही मनात थोडी शंका येऊ लागली होती, पण ती दुसऱ्याला सांगावी कशी? रिवाजाप्रमाणं सगळ्या माना भगवानरावांकडं वळल्या. विषय त्यांनी काढला होता. सांगायचं त्यांनी.

भगवानरावांनी पटक्याचा शेव सारखा केला. हे फसलेलं काम आहे असं म्हणावं, तर विषय आपण काढलेला. सुरेख काम आहे म्हणावं, तर बैल अर्जुनदादाचे पुढं जाणार.

"हुजूर," ते अखेर म्हणाले, "सबको मालूम है."

अर्जुनरावांनी डोळे मिटले. पाटीलकी गेली असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं. वेशीतून जाणाऱ्या बैलांची शेपटंसुद्धा त्यांना दिसली.

साहेब नवे होते. हैदराबादेहून आले होते. सगळ्या गावाला माहीत असलेली गोष्ट तहसीलदाराला माहीत नाही, असं त्यांना दिसू द्यायचं नव्हतं. त्यांनी नाल्याकडं पुन्हा एकदा बघितलं आणि हळूहळू मान डोलावली.

"बेशक," ते म्हणाले. "बेशक. बहुत खूब. शाबास, पाटील!"

हे म्हणताना त्यांचा हात दोघा भावांच्या मधल्या जागेकडं होता. दोघांनीही लवून सलाम केला. तोवर साहेब दमणीत बसले होते.

काठावर कुजबुज सुरू झाली. शाबास कोणता पाटील? असलेला की होणारा? आश्रुबाच्या मते असलेला. धुळाजीच्या मते साहेबांचं बोट थोडं डावीकडं होतं. भगवानराव डावीकडं उभे होते, पण ते साहेबांच्या डावीकडं का गावाच्या, यावर दोन तट पडले. दोन्ही तटांत कुणबी आणि धनगर सारखेच होते.

पेशकार मात्र पाणी प्यायचं म्हणून घसरत घसरत नाला ओलांडून अलीकडं आला होता. सुंदरबाईंनी तांब्या भरून अर्जुनरावांच्या हातात दिला आणि कोपरानं त्यांना ढकललं. अर्जुनराव पुढं झाले. एकदा पाणी पोटात गेलं की पेशकार पाहुणा झाला. मग विचारायची सोय नाही. त्यांनी तांब्या हातातच धरून ठेवला.

"पेशकारसाहेब," ते म्हणाले. साऱ्या महिन्यातला हा त्यांचा पहिला सरळ प्रश्न होता, तेव्हा आवाज जरा चिरकला. "पाटीलकी कुणाकडं?"

"आत्ता कोणाकडे आहे?"

"माज्याकडं."

"मग तुमच्याकडेच." पेशकारानं तांब्यासाठी हात पुढं केला. "वतनाची पाटीलकी तहसीलदाराला काढता येत नाही हो. त्याला वरचा हुकूम लागतो. साहेब नवीन आहेत, त्यांना अजून माहीत नाही."

"तुमी सांगितलं न्हाई त्यांना?"

"त्यांनी विचारलं नाही."

अर्जुनरावांनी तांब्या दिला. पेशकारानं तो वरून घटाघटा रिकामा केला, तोंड पुसलं आणि दमणीकडं गेला. हिंगणबोरीच्या गाड्या तेव्हापासून खालच्या पांदीनं वळसा घालून चौसाळ्याला जातात.